एल्रिकचा पांढरा चेहरा सपाट दिसू नये म्हणून

इंग्रज लेखक मायकल मूरकॉकच्या फँटसी कथांमधला एल्रिक म्हणजे अल्बिनो राजा, कातडी पांढरी, केस पांढरे, डोळे लाल. त्याची १९८०च्या दशकातली मेटल मिनिएचर, म्हणजे धातूची छोटी मूर्ती, रंगवायला घेतली की अख्खा चेहरा पांढऱ्याने भरला जातो आणि नाक-डोळे काही कळतच नाही, चुना फासल्यासारखं दिसतं. उपाय सोपा आहे, शुद्ध पांढरी बाटली शेवटपर्यंत उघडायचीच नाही.

१. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, राखाडी मारा. काळ्यावर फिका रंग चढवायला थरावर थर द्यावे लागतात आणि जुन्या पीसचं बारीक कोरीव काम बुजतं, फार वाईट वाटतं ते बघून.
२. चेहरा आणि हातांना फिका हस्तिदंती, पाणी घालून, दोन हात.
३. वाळला की एकदम पातळ जांभळा फक्त डोळ्यांच्या खोबणीत, गालाखाली नि बोटांच्या मधे सोडा, पसरला तर ओल्या ब्रशने लगेच टिपून घ्या.
४. आता शुद्ध पांढरा, तोही फक्त नाकाचा शेंडा, गालाची हाडं आणि बोटांच्या पेरांवर.

केसांच्या सावलीला मात्र निळसर राखाडी घ्या, नाहीतर कपाळ कुठे संपलं तेच कळत नाही. डोळ्यातला लाल ठिपका सगळ्यात शेवटी. तलवार काळीच ठेवा, तिच्या शेजारी चेहरा आणखी उजळ दिसतो.

सांभाळायचं एकच, या जुन्या धातूत शिसं असतं, त्यामुळे कोरडं घासू नका, ओलं करून घासा, ब्रशला टोक काढायला तो तोंडात अजिबात घालू नका आणि काम झालं की साबणाने हात धुवा.