गाडी आपटते? शॉकअपला हात लावण्याआधीची तयारी

बाईकला नवीन शॉकअप मागवण्याआधी चेन बघा. स्टँडवर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीची नव्हे, डबलसीट आणि सामान लादलेल्या गाडीची. मी बघितली नव्हती. मागचा शॉकअप बदलला, पुढच्या फोर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचं) तेल बदललं, आणि परतवाड्याहून सेमाडोहकडे निघालो तर गाडी तशीच कंबर मोडत होती. हे रडगाणं इथेच संपवतो. चेनचं नाव मात्र खाली पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळू नका.

तपासणी पहाटे करायची. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी नऊनंतर टायरची हवा मोजण्यात अर्थ नाही. गार टायरमध्ये ३० पीएसआय असेल आणि तो ३० अंशांनी तापला, तर गेज साडेचौतीसच्या आसपास दाखवतो. यवतमाळ-चंद्रपूरच्या डांबरावर दुपारी टायर याहून जास्त तापतो. तापलेल्या टायरची हवा सोडून 'बरोबर' केली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमी भरते, आणि मग खड्ड्यात रिमला दणका बसतो. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि उन्हं यायच्या आत मोजायचं, तेही स्वतःच्या गेजने. पंपावरच्या पोराला आकडा सांगा, तो 'हो' म्हणेल आणि सगळ्यांना भरतो तेवढीच तुम्हालाही भरेल. आकडा कोणता, ते चिमट्यावरच्या (मागचं चाक धरून वर-खाली होणाऱ्या भागावरच्या) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. एकट्याचा वेगळा, डबलसीटचा वेगळा. डबलसीटची हवा भरून महिनाभर एकटेच हिंडणारे लोक मी पाहिलेत, आणि गाडी कडक झाली म्हणून तक्रारही त्यांचीच असते.

हवा मोजतानाच टायरच्या बाजूवर लिहिलेले चार आकडे वाचून घ्या. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही शिल्लक असो, ऊन खाऊन खाऊन रबर लाकडासारखं झालं असेल तर शॉकअपने काय करायचं?

सामान थोडंच लागतं. मोजायचा टेप, मार्कर, दोन-तीन केबल टाय, वही, मॅन्युअल आणि प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) कमी-जास्त करायचा हुकाचा पाना. शिवाय एक माणूस हवाच, दोन असतील तर उत्तम. माणसं मिळत नसतील तर घरातला सोयाबीनचा कट्टा काट्यावर वजन करून मागच्या सीटवर पट्ट्याने आवळून बांधा. हसू नका. कट्टा हलत नाही, फोनवर बोलत नाही, आणि तुम्ही खाली वाकून चेनला बोट लावेपर्यंत गुपचूप बसून राहतो.

पान्याला हात लावण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: लागतं कुठे? मनगटाला की कंबरेला? बारीक गिट्टीवर आणि सिमेंट रस्त्याच्या जोडावर टकटक लागतं, की मोठ्या खड्ड्यात एकदाच 'धाड' होतं? ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत, आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट. टकटक लागत असेल तर बहुधा काहीतरी जास्त कडक आहे किंवा अडकलंय. 'धाड' होत असेल तर स्प्रिंग नरम पडते आणि सस्पेन्शन तळाला जाऊन आदळतं. म्हणजे गाडी नरम असूनही दणके देते. हे न समजता लोक नरम गाडी आणखी नरम करतात आणि मग मेकॅनिकला शिव्या घालतात. तिसरा प्रकार रम्बलरवर दिसतो. पहिली पट्टी ठीक जाते, तिसरी-चौथी मात्र दगडासारखी लागते. तिथे शॉकअप दबतोय, पण पुढच्या पट्टीआधी वर येऊ शकत नाही, म्हणजे रिबाउंड फार मंद आहे.

रस्ता एकच ठरवा आणि प्रत्येक वेळी त्याच वेगाने जा. गावाबाहेरचे रम्बलर, थोडा सिमेंट रस्ता, जमलं तर कोरडी पांदण. काळ्या मातीवरच्या डांबरी रस्त्यावर निदान करू नका. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरच्या डांबराला लाटा पडतात. त्या लाटांवर कोणतीही गाडी झुलते. समृद्धीचं सपाट काँक्रीट चाचणीला छान झालं असतं, पण तिथे दुचाकीला बंदी आहे.

आता चेन. मन लावून वाचा.

पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), चिमटा ज्यावर फिरतो तो बोल्ट आणि मागचा एक्सल, हे तीन बिंदू रिकाम्या गाडीत एका रेषेत नसतात. चिमटा खाली झुकलेला असतो. वजन आलं की चिमटा वर जातो, तिन्ही बिंदू रेषेत येऊ लागतात आणि स्प्रॉकेट ते एक्सल हे अंतर वाढतं. बरोबर एका रेषेत आले की ते सर्वांत जास्त. तेवढी ढील चेनमध्ये नसेल तर चेन तारेसारखी ताणते आणि एक्सलला तिथेच धरून ठेवते. शॉकअपमध्ये अजून जागा असते, पण चेन त्याला दबूच देत नाही. तुम्हाला वाटतं शॉकअप कडक आहे. नवा टाकला तरी तो तितकाच कडक लागणार, कारण अडवणारा तो नाहीच.

ॲडव्हेंचर गाडीत हे जास्त होतं, कारण चिमटा जास्त वर-खाली फिरतो. साध्या गाडीवर हात बसलेला मिस्त्री सवयीने ताणतो, वर सांगतो, "चेन टाइट असली त बरी रायते भाऊ, आवाज नाई करत." आवाज करत नाही, खरं आहे. कंबर करते, पुढच्या स्प्रॉकेटमागचं ऑइल सील करतं, आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग घालवते ते वेगळंच. तेव्हा मॅन्युअलमधला ढिलीचा आकडा बघा, आणि तो साइड स्टँडवर मोजायचा की मेन स्टँडवर, तेही तिथेच वाचा. मग चाक फिरवत सर्वांत ताणलेली जागा शोधा आणि तिथे मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी ढील दिसते, अर्धा फेरा फिरवला की तीच चेन ताठ.

एवढ्यावरही थांबू नका. आता कट्टा बांधा किंवा दोघं बसा, पॅनिअरमध्ये (बाजूच्या पेट्यांत) खरोखर नेता तेवढं सामान भरा, आणि तिसऱ्याला चेन वर-खाली हलवायला सांगा. थोडी तरी हलली पाहिजे. दोघांनी सीटवर जोर देऊन आणखी दाबलं तरी हलली पाहिजे. हलत नसेल तर निदान झालं, पुढचं वाचायची गरज नाही. ढील द्या, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या करा, एक्सल आवळा आणि आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण नट आवळताना चेन थोडी ताणते.

मागे कडक, पुढे ठीक. एकट्याने चालवताना बरं, डबलसीट बसली की दगड. ही लक्षणं दिसली की सगळ्यात आधी चेन. शॉकअप नव्हे.

चेन बरोबर निघाली तर सॅग मोजा, म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते ते. गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक हवेत, एक्सलपासून सरळ वर शेपटावर मार्करने केलेल्या खुणेपर्यंत टेप. मग गाडी जमिनीवर घेऊन हेल्मेट-जॅकेट-बूट घालून बसा, पाय वर घ्या, दुसऱ्याने पुन्हा मोजावं. दोन मापांतला फरक चाकाच्या एकूण प्रवासाच्या सुमारे तिसरा हिस्सा असावा. जुन्या हिमालयन ४११ ला मागे १८० मिमी प्रवास आहे, म्हणजे ५५ ते ६० मिमी. एक्सपल्स २०० ला १७०, तिथे थोडं कमी धरा. फरक याहून फारच कमी असेल तर प्रीलोड जास्त आहे, बहुतेक दिवाळीला बायको-पोरं-बॅगा घेऊन गेलात तेव्हा चढवलेला. तो उतरवा. प्रीलोडने स्प्रिंग 'टाइट' होत नाही, हे एकदा डोक्यात बसवा. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, फक्त गाडी किती उंचावर बसते ते बदलतं. प्रीलोड पूर्ण उतरवूनही सॅग कमी असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला जड आहे. पूर्ण चढवूनही गाडी बसत असेल तर स्प्रिंग हलकी आहे, किंवा सामान जास्त आहे. आधी सामान कमी करून बघा, ते फुकट आहे.

सॅग बदलला की चिमटा वेगळ्या जागी येतो. म्हणून चेन पुन्हा. हो, पुन्हा.

लिंकेज, म्हणजे शॉकअप आणि चिमटा यांना जोडणारे सांधे. ज्या गाडीला आहे तिनेच वाचावं. २०२० ची केटीएम ३९० ॲडव्हेंचर असेल तर सोडून द्या, तिचा शॉकअप थेट चिमट्याला आहे. बाकीच्यांनी आठवावं की मागच्या पावसाळ्यात काळ्या चिखलातून आल्यावर वॉशिंग सेंटरवाल्याने खालून प्रेशरचं पाणी कसं मारलं होतं. त्या पाण्याने सुईबेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं, गंज चढतो, आणि दिवाळीपर्यंत लिंकेज जाम होतं. तपासायला चाक हवेत घ्या, गाडी नीट टेकवा, शॉकअपचा खालचा बोल्ट काढा आणि चाक हाताने वर-खाली करा. जड लागलं, करकर झाली, मध्येच अडलं तर खोला, डिझेलने धुवा, सुया गंजल्या असतील तर बेअरिंग बदला. बेअरिंग चांगलं असेल तर भरपूर ग्रीस. पण हे करताना मागची चेन सैल असावी, नाहीतर जडपणा चेनचाच असायचा.

पुढचा भाग. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक केबल टाय सैलसर बांधा, त्याचं डोकं सीलमध्ये जाणार नाही असं फिरवा, आणि ठरवलेल्या रस्त्यावरून जाऊन या. टाय शेवटाला गेला असेल तर फोर्क तळाला आदळतोय: तेल कमी, तेल जुनं किंवा स्प्रिंग नरम. निम्म्यातच थांबला आणि तरी मनगटं दुखतात, तर फोर्क अडकतोय. मिस्त्रीने जास्त तेल भरलं असेल तर आतली हवा स्प्रिंगसारखी काम करते आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क भिंतीसारखा होतो, म्हणून तेल लिटरात नव्हे, उंचीत मोजून भरायचं. पंक्चर काढल्यापासून बिघडलं असेल तर एक्सल वाकडा बसलाय, फोर्कचे दोन्ही पाय एकमेकांना पिळतात. एक्सलच्या टोकाचा पिंच बोल्ट सैल करा, समोरचा ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा दाबा, मग आवळा. यात पैसा लागत नाही.

कोन सेट (ज्यावर हँडल फिरतं ते बेअरिंग): पुढचं चाक उचला, हँडल हळू फिरवा, मधोमध खाच लागली तर बदलायचा. स्पोक पान्याने टिचकी मारून ऐका, एखादा बद्द वाजला तर सैल. रिम आउट (वाकडी) आहे का बघा. चाकाचं बेअरिंग, क्रॅश गार्डचे आणि पॅनिअर स्टँडचे बोल्ट. सैल स्टँडही दणक्यासारखाच वाजतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. कारण सांगत बसत नाही.

शॉकअपमधून तेल गळत असेल किंवा फोर्कची नळी वाकली असेल तर घरी काही करू नका, सस्पेन्शनचं काम करणाऱ्याकडे न्या. इतकं सगळं करूनही मागे कडकच, आणि चेन लादलेल्या गाडीवर सैल असल्याचं स्वतःच्या बोटाने बघितलंय (दुसऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे), तरच नवीन शॉकअपचा विचार.

पुढचं चाक काढलं असेल तर गाडी हलवण्याआधी ब्रेकचा लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबा. पॅड मागे गेलेले असतात, पहिल्या दाबात ब्रेक लागत नाही.