रिसेप्शनवर मिळणारे उत्तर: ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकरी शोधायला आलेल्यांसाठी

माझ्यासारख्या, लातूरकडून येऊन घणसोलीत स्थिरावलेल्या माणसाकडे गावाकडची मुले-मुली उतरतात आणि लगेच बायोडेटा घेऊन महापे, रबाळे, ऐरोली किंवा वागळे इस्टेट गाठतात. संध्याकाळी ती ‘कंपनी नाही म्हणाली’ असे सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा तो नकार रिसेप्शनवरच्या व्यक्तीने दिलेला असतो. नोकरीचा निर्णय तिच्या हाती नसतो, हे आधी लक्षात घ्यावे.

जागा आहेत का, बायोडेटा कोणाकडे द्यायचा, एचआर कधी भेटेल, भरती कंपनी करते की कंत्राटदार, एवढे ती सांगू शकते. खासगी कंपनीवर नकाराचे कारण देण्याचे सर्वसाधारण बंधन नाही. म्हणून ‘सध्या जागा नाही’ या उत्तरावर तेथे वाद घालू नये. ‘तुमचे काम झाले समजा’ या तोंडी शब्दावरही विसंबू नये. नियुक्तिपत्र हाती येईपर्यंत खोलीची अनामत भरू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘आम्ही मुली घेत नाही’ हे उत्तर मात्र निमूटपणे ऐकून परत येऊ नये. वेतन संहिता, 2019 च्या कलम 3 नुसार सारख्या स्वरूपाच्या कामासाठी भरती करताना लिंगावरून भेदभाव करता येत नाही. कायद्यानेच स्त्रियांना मज्जाव किंवा मर्यादा असलेली कामे तेवढी अपवाद आहेत. रात्रपाळीचे कारण पुढे केले जाते, पण महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, 2017 जेथे लागू आहे तेथे रात्री साडेनऊनंतरही स्त्रीची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असल्यास काम देता येते. अशा वेळी शांतपणे एचआरचा ईमेल मागावा, अर्ज लेखी पाठवावा आणि कोणी, कधी, काय सांगितले ते त्याच दिवशी टिपून ठेवावे, कारण पुढे ठाण्याच्या कामगार उपायुक्तांकडे जायचे झाल्यास तीच नोंद उपयोगी पडते.

नोकरीपूर्वी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास 2017 च्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याने मनाई केली आहे. जात, धर्म, प्रांत या साऱ्यांवरून खासगी भरतीत होणारा भेदभाव रोखणारा एकच सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही, हे दुर्दैव आहे. तरीही अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरीत आडकाठी आणणे नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 खाली गुन्हा आहे.

गेटवर किंवा काउंटरवर कोणी गणवेशाचे, प्रशिक्षणाचे म्हणून पैसे मागितले, तर देऊ नयेत. नोकरीचे खोटे आमिष दाखवून पैसे उकळणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालील फसवणूक आहे.

महापालिका किंवा सिडकोच्या भरतीत तुमचा हक्क अधिक मोठा आहे. तेथे खिडकीवरचे ‘माहीत नाही’ हे अखेरचे उत्तर नसते. माहिती अधिकार कायदा, 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यास त्याला सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते.