जोत्यात काळी माती भरू देऊ नका

नाशिकच्या मखमलाबाद-आडगावकडे मळ्यातल्या प्लॉटवर घर बांधताय ना, मग पायाच्या खड्ड्यातून निघालेली काळी माती परत जोत्यात, म्हणजे फरशीखालच्या भरावात, ढकलू देऊ नका, मिस्त्री म्हणेल फुकटची आहे साहेब, पण ही माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेत आक्रसते, मग टाइल्स पोकळ वाजायला लागतात नि चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. मुरूमच मागवा. तोही ट्रॉली एकदम उलटी करून नाही, 6-6 इंचाचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मसाने ठोकून दाबणं, मग पुढचा. आमच्याकडे एका दुपारीत सगळं भरून टाकलं, हॉलचा एक कोपरा अजून बसलेलाच आहे, गोटी ठेवली की तिकडेच पळते. आणि पाया घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली न्या, 4 फुटांवर काळीच दिसली तर तिथे थांबायचं नाही.