राज्याराज्यांतील महागाईचे आकडे कसे वाचावेत

ऑक्टोबर 2025 मध्ये देशाचा किरकोळ महागाईचा दर अवघा 0.25 टक्के होता आणि त्याच महिन्यात केरळचा दर साडेआठ टक्क्यांच्या वर होता. खोबरेल तेल आणि सोने यांच्या भाववाढीचा तिथल्या आकड्यात मोठा वाटा होता. एकाच देशात इतकी तफावत पडू शकते. म्हणून पगारवाढीची मागणी करताना किंवा गावी आईवडिलांना पाठवायची रक्कम ठरवताना केवळ देशाच्या आकड्यावर विसंबू नये.

राज्याचे आकडे पाहण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी: निर्देशांक, म्हणजे ठरावीक वस्तू-सेवांच्या भावांची पातळी दाखवणारा आकडा, दोन काळांची तुलना करतो, दोन ठिकाणांची नव्हे. ज्या वर्षाशी तुलना केली जाते त्या आधारवर्षी तिथे राहणे स्वस्त असो वा महाग, प्रत्येक राज्याचा निर्देशांक त्या वर्षासाठी 100 च धरलेला असतो. समजा, एका राज्याचा निर्देशांक वर्षभरात 200 वरून 208 वर गेला आणि दुसऱ्याचा 180 वरून 189 वर. पहिल्या राज्यातील महागाईचा दर 4 टक्के आणि दुसऱ्यातील 5 टक्के झाला. दुसऱ्या राज्यात भाव अधिक वेगाने वाढले, एवढेच यातून कळते. तूरडाळ किंवा खोलीचे भाडे कुठे स्वस्त आहे, याचे उत्तर या चार आकड्यांपैकी एकातही नाही. ज्या राज्यात महागाईचा दर कमी, तिथे राहणे स्वस्त, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

दर काढण्यासाठी चालू महिन्याच्या निर्देशांकाला मागील वर्षीच्या त्याच महिन्याच्या निर्देशांकाने भागावे, त्यातून 1 वजा करावा आणि 100 ने गुणावे. मात्र दोन्ही आकडे एकाच मालिकेतले, म्हणजे एकाच आधारवर्षावर मोजलेले असावेत. 2012 आधारवर्षाची मालिका मागे पडून आता 2024 आधारवर्षाची मालिका सुरू झाली आहे. जोडगुणक (दोन मालिका एकमेकींशी जोडणारा गुणक) न वापरता जुना आकडा नव्याशी लावल्यास उत्तर निरर्थक येते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दरमहा साधारण 12 तारखेला हे आकडे ग्रामीण, नागरी आणि एकत्रित अशा तीन रूपांत देते. मुंबईतील घरखर्चासाठी महाराष्ट्राचा नागरी आकडा घ्यावा आणि गावच्या घरासाठी ग्रामीण. एकत्रित आकडा दोन्हींपैकी कुणाचाच नसतो. हा भेद किरकोळ नाही. 2012 च्या मालिकेत देशपातळीवर खाद्यपदार्थ व पेयांचा भार (एकूण खर्चात धरलेला वाटा) ग्रामीण भागात 54.18 टक्के होता, तर नागरी भागात 36.29 टक्के. त्यामुळे टोमॅटो-कांदा कडाडला की ग्रामीण निर्देशांक जास्त हलतो. उलट, घरभाड्याचा समावेश त्या मालिकेत फक्त नागरी निर्देशांकात होता आणि तिथे त्याचा भार 21.67 टक्के होता.

तरीही महाराष्ट्राच्या नागरी आकड्यात मुंबईबरोबर नागपूर, लातूर, सोलापूर सारेच मिसळलेले असते, आणि मुंबईतील भाडी पाहता ही मोठी उणीव आहे असे मला वाटते. निव्वळ मुंबईसाठी कामगार ब्यूरोचा औद्योगिक कामगारांसाठीचा निर्देशांक पाहावा. 2016 हे आधारवर्ष असलेल्या या निर्देशांकाची देशभरात 88 केंद्रे आहेत आणि त्यांत मुंबई स्वतंत्रपणे मोजली जाते. मात्र तो कारखाने, रेल्वे, बंदरे अशा क्षेत्रांतील कामगार कुटुंबांच्या खर्चावर बेतलेला आहे, हे विसरू नये.

दर अचानक उतरलेला दिसल्यास मागील वर्षाचा पाया, म्हणजे ज्या आकड्याशी तुलना होते तो तपासावा. मे 2025 मध्ये मुंबईतील बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. पुढील बारा महिने या एका बाबीचा वार्षिक दर 100 टक्के दिसतो. त्यानंतर भाडे तेच राहिले तर दर शून्यावर येतो, पण प्रवासी 10 रुपयेच मोजत असतो. महागाई घटली म्हणजे भाव उतरले असे नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. अशी स्थानिक भाडेवाढ केवळ त्या शहराला लागू असल्यानेही प्रदेशांतील दर वेगळे पडतात. जीएसटीबाहेर असलेल्या पेट्रोल-डिझेलवर प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा असतो, तेही एक कारण आहे.

शेवटी सरकारी भारांच्या जागी आपल्या घराचे भार घालून पाहावेत. महिन्याच्या खर्चात किराणा, भाडे, प्रवास, शिक्षण आणि औषधे यांचा वाटा किती, हे काढून प्रत्येक वाट्याला त्या बाबीच्या भाववाढीने गुणावे आणि बेरीज करावी. पागडीच्या घरात (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन घेतलेल्या जुन्या भाड्याच्या घरात) राहणाऱ्याचे प्रमाण भाडे, म्हणजे कायद्याने ठरलेले भाडे, महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार वर्षाला 4 टक्क्यांनी वाढू शकते आणि मुळात ते थोडे असते. लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर राहणाऱ्याला मात्र करार संपताच बाजारभावाला सामोरे जावे लागते. एकाच गल्लीतील या दोन कुटुंबांचे दर वेगळे निघतील, आणि मालकाशी पगाराबद्दल बोलताना राज्याच्या नागरी आकड्यासोबत हा घरचा हिशेबही लेखी स्वरूपात समोर ठेवावा.