निलगिरी ताहर: नुसता बघू नका, मोजा

केरळातल्या मुन्नारला निलगिरी ताहर, म्हणजे कड्याकपारीत राहणारा बकरीसारखा रानटी प्राणी, बघायला जायचं ठरवताय तर आधी एवढं ठरवा, फोटो हवाय की ताहर हवाय? फोटोच हवा असेल तर सोपं आहे. इरविकुलम राष्ट्रीय उद्यानातल्या राजमलाला डांबरी रस्त्याच्या कडेलाच ताहर चरत असतात, माणसाला बुजत नाहीत. पाच मिनिटांत काम होतं. मी गोव्यात वाळपईकडच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या निसर्गमंडळातल्या मोठ्या मुलांना मी तिथे नेते ते समोरच्या डोंगरावर किती जनावरं आहेत आणि तिथेच का आहेत, हे कळावं म्हणून.

मुलं याला हरीण म्हणतात. जातकुळी बकऱ्या-मेंढ्यांची आहे, आणि डोंगर वाचायचा तर हे लक्षात ठेवलेलं बरं. हरीण घाबरलं की पळतं, ताहर घाबरला की कड्यावर चढतो. म्हणून दुर्बीण डोळ्याला लावली की आधी जनावर शोधू नका, कडा शोधा. मग कड्याला लागून असलेलं गवत बघा. कड्यापासून लांबचं हिरवंगार कुरण पिल्लंवाल्या माद्यांच्या फारसं कामाचं नाही, बिबट्या आला तर जाणार कुठे? आणि नुसता कडा असला, गवत नसलं, तर खाणार काय? खळग्यांत दाट, बुटकी शोला जंगलं दिसतील, त्यांत ताहर सहसा शिरत नाही. सकाळी उतारावर चरणं, उन्हं चढली की खडकावर रवंथ, पुन्हा दुपारनंतर गवत, असा त्याचा दिवस जातो. बसलेल्या कळपात एखादी मादी उभीच असते, तिच्याकडे बघत राहा. तिची मान वळली की तुम्हीही तिकडे वळा.

हे सगळं साधारण 1,200 ते 2,600 मीटर उंचीवर. आमच्याकडचा उंच डोंगर सोसोगड जेमतेम हजार-अकराशे मीटर, त्यामुळे गोव्यात ताहर का नाही, हा प्रश्न मुलं प्रवासातच निकालात काढतात. निलगिरी पर्वताच्या उत्तरेला हा प्राणीच नाही. केरळ आणि तामिळनाडू, बस.

आता मोजणी. याचा सराव घरीच करा. आम्ही गावाजवळच्या सुर्ल्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, चरायला सोडलेली गुरं समोरच्या टेकाडावरून मोजतो. दोघांनी, एकमेकांशी न बोलता, वेगवेगळ्या वहीत. गुरांचा फायदा असा की संध्याकाळी धनी खरा आकडा सांगतो! झुडपाआड बसलेली किती सुटली ते तिथल्या तिथे कळतं. हा सराव न करता ताहर मोजायला गेलात तर आपला आकडा किती कच्चा आहे, हे कधीच कळणार नाही.

डोंगरावर एकच भाग पुन्हा पुन्हा मोजायचा. समजा आकडे आले 38, 44, 41, 40. सरासरी काढू नका. दिसलेलं जनावर खरंच तिथे असतं, चूक होते ती न दिसलेल्यांची. म्हणून सर्वांत मोठा आकडा घ्या, त्यात दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या आकड्याशी असलेला फरक मिळवा: 44 अधिक 3, म्हणजे 47. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे. पण पद्धत खरी आहे, वनखात्याची माणसंही ती वापरतात. जोडीला दुसरी तुकडी थोड्या वेळाने त्याच वाटेने स्वतंत्र मोजते.

नुसती बेरीज मात्र लिहू नका. वहीत तीन रकाने आखा. मोठा नर गडद तपकिरी, जवळजवळ काळा, आणि पाठीवर खोगीर घातल्यासारखा चंदेरी पट्टा. तो लांबूनही चुकत नाही. माद्या करड्या, अंगाने लहान, नराच्या जवळपास निम्म्या वजनाच्या. तिसरा रकाना पिल्लांचा. शंभर माद्यांमागे पिल्लं किती, यावरून कळप वाढतोय की म्हातारा होतोय ते कळतं. एकूण आकड्यावरून ते कळत नाही. शिंगांवरून नर-मादी ओळखायला जाऊ नका, दोघांनाही असतात.

घरी येऊन आकड्यांची तुलना करतानाही जपून. 2015 मध्ये वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचरने देशभरात 3,122 ताहर असल्याचा अंदाज दिला होता. एप्रिल 2025 मध्ये दोन्ही राज्यांनी मिळून एकाच वेळी गणना केली, तेव्हा 2,668 आले: केरळात 1,365, तामिळनाडूत 1,303. एकट्या इरविकुलममध्ये 841. ‘दहा वर्षांत साडेचारशे मेले’ असा निष्कर्ष आमच्या एका मुलाने झटकन काढला. काढता येत नाही. मोजण्याची रीत वेगळी, फिरलेला मुलूख वेगळा. एकाच रीतीने, त्याच भागात, वर्षानुवर्षं मोजलं तरच चढउतार बोलतात.

गवताकडेही वही उघडी ठेवूनच बघा. मुन्नारभोवती चहा, निलगिरीची झाडं आणि बाहेरून आणलेली वॅटल (अकेशियाच्याच जातीची झाडं) यांनी कुरणं गिळली. आमच्या सड्यांवरची अकेशिया ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कुरणाच्या कडेला वॅटलची रोपं दिसली तर कोणत्या उतारावर, किती पसरलीत, ते लिहा. ताहरला वर सरकायला जागा नाही, आनमुडीचं शिखर 2,695 मीटरवर संपतं.

जाण्याचं म्हणाल तर मडगावहून रात्रीच्या गाडीने एर्नाकुळम, पुढे रस्त्याने मुन्नार. तिकीट आधी ऑनलाइन काढा, आत उद्यानाच्याच बसने जायचं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लांच्या हंगामासाठी उद्यान सहसा बंद ठेवतात, तेव्हा शाळेच्या सुट्टीशी जमणारा एप्रिल बरा. पिल्लं तोवर आईमागे उड्या मारत असतात, मोजायला सोपी. दुपारी धुकं उतरलं तर मोजणी थांबवा आणि वहीत वेळ टाकून ‘धुकं’ एवढंच लिहा, शून्य लिहू नका.