तिथी-तारखेचा घोळ: नव्या वर्षात या चुका टाळा

नवी दिनदर्शिका भिंतीवर लागली की वाढदिवस, श्राद्धं, व्रतं तिच्यावर उतरवून घ्यायची असतात. गडबड होते ती इथेच.

नेहमीची चूक म्हणजे शक काढताना इसवी सनातून डोळे झाकून ७८ वजा करणं. शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, १ जानेवारीला नाही. २०२६चा पाडवा १९ मार्चला. तोवर ७९ वजा करायचे, म्हणजे शके १९४७. पाडव्यापासून १९४८. जुन्या लग्नपत्रिकेवरून उलट हिशेब करतानाही माघ-फाल्गुनाला ७९ मिळवा, नाहीतर अख्खं वर्ष चुकतं. पौष सहसा डिसेंबर-जानेवारीत विभागलेला, तिथे त्या वर्षाचं पंचांग पाहिल्याशिवाय आकडा लिहू नये. विक्रम संवत आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला बदलतो, उत्तरेत चैत्रात. त्यामुळे एप्रिल २०२६मध्ये मुंबईत २०८२, तर उज्जैनला २०८३.

वद्य पक्षातला घोळ वेगळाच. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात फरक नाही, वद्यात मात्र त्यांचा महिना एकाने पुढे. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीची. इंदूरच्या हिंदी पंचांगात तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस एकच. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये तिथी भरण्याआधी 'अमान्त' की 'पूर्णिमान्त' हे तपासा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ते सेटिंगमध्ये दडलेलं असतं.

२०२६मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमा दोनदा: ३१ मे आणि २९ जून. वटपौर्णिमा निज, म्हणजे अधिकानंतरच्या नेहमीच्या ज्येष्ठातली, २९ जूनची. ज्येष्ठातला तिथीचा वाढदिवसही निज महिन्यातच धरावा. पुढचे सण लांबतात ते यामुळेच. गणेश चतुर्थी २०२५ला २७ ऑगस्टला होती, २०२६ला १४ सप्टेंबरला.

जन्मतिथी घेताना चौकटीतली तिथी तशीच उचलू नका. ती सूर्योदयाची असते. शेजारी समाप्तीची वेळ छापलेली असते. सप्तमी सकाळी ९:१२ला संपत असेल तर दुपारी ४चा जन्म अष्टमीचा. रात्री २चा जन्म असेल तर आदल्या दिवसाची चौकट पाहा, कारण पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. काही पंचांगांत ती वेळ २६:०० अशी छापतात.

परदेशात मुंबईचं पंचांग चालत नाही. इथे सकाळी ७ला संपणारी तिथी न्यू जर्सीत हिवाळ्यात आदल्या रात्री ८:३०लाच संपते, त्यामुळे सण एक दिवस अलीकडे येऊ शकतो. अ‍ॅपमध्ये तिथलंच गाव निवडा.