रताळ्याच्या वरंब्याला भेग दिसली की त्याच दिवशी माती ओढा

परतीचा पाऊस उघडला की आठ-दहा दिवसांत रताळ्याचे वरंबे तडकायला लागतात. जून-जुलैच्या लागवडीत रताळं याच सुमारास जाड होतं आणि माती बाजूला सारतं, त्यात वरून ऑक्टोबरचं ऊन. भेग बघून 'फुगतंय' म्हणत खूश होणारे पुष्कळ. फुगतंय हे खरंच, पण सोंड्या भुंग्याला खाली उतरायची वाटही तीच.

हा भुंगा मुंगीसारखा दिसतो: डोकं आणि पंख निळे-काळे, मधला भाग आणि पाय तांबडे. हात लावला की मेल्याचं सोंग घेतो. त्याला माती उकरता येत नाही, म्हणून तो भेग शोधतो. मादी रताळ्याच्या सालीत बारीक खड्डा करून अंडं घालते आणि विष्ठेने तोंड बुजवते, वरून काही कळत नाही. अळी आत पोखरत जाते. असं रताळं कडू होतं, वास मारतं, थोडंसं किडलेलंही खाववत नाही.

वेलावर कितीही फवारलं तरी आतल्या अळीला काही होत नाही. दुकानदार याच दिवसांत फवारणीच्या बाटलीसोबत 'कंद फुगवणी'चं पाकीटही पुढे करतो. ते का घेऊ नये, हे मुळांकडे बघितलं की समजतं. बटाटा म्हणजे खोड, त्याला डोळे असतात. रताळं म्हणजे मूळ, डोळे नाहीत. बेण्याची, म्हणजे लावलेल्या वेलाच्या तुकड्यांची, जी पेरं मातीत जातात त्यांतून मुळं सुटतात; काही अन्न साठवून फुगतात, बाकीची पाणी-खत ओढायला बारीकच राहतात. कुठलं मूळ फुगणार हे साधारण पहिल्या महिना-दीड महिन्यात ठरतं. तेव्हा पाणी साचलं किंवा युरिया जास्त पडला तर नुसता वेल माजतो. माती घट्ट आणि कोरडी राहिली तर मूळ पेन्सिलीसारखं चिवट होतं. आता पाकीट टाकून रताळ्यांची संख्या वाढत नाही. आहेत ती झाका.

झाकायचं असं: हलकं पाणी द्या, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाली, की सरीतली मोकळी माती खोऱ्याने वरंब्यावर ओढा, चार बोटं थर द्या आणि भेगेवर हाताने दाबा. वरंब्याच्या अंगाला कुदळ लावू नका, बारीक मुळं तुटतात. एकदा भर दिली म्हणजे संपलं असं नाही. काढणीपर्यंत आठवड्याला एक फेरी मारा, भेग दिसेल तिथे पुन्हा माती. पाण्याची पाळी लांबवून मग एकदम भरपूर पाणी देऊ नका, रताळंच फुटतं.

सरीत पसरलेला वेल प्रत्येक पेरावर मुळं धरतो. तो एकदा उचलून सोडवा, पण उलटा टाकू नका, परत वरंब्यावरच घाला. वेलाच्या सावलीत माती कमी तडकते असा आमचा अंदाज आहे.

बाकीची कामं:
- शेणखत हेक्टरी ५ टन. नत्र-स्फुरद-पालाश हेक्टरी ५०:२५:५० किलो. म्हणजे एकरी युरिया ४४, सिंगल सुपर फॉस्फेट ६३, म्युरेट ऑफ पोटॅश ३४ किलो. निम्मा युरिया लागवडीला, निम्मा महिन्याने.
- वरंब्याला मातीची भर लागवडीनंतर ३० आणि ६० दिवसांनी.
- कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर ओढणारा) गुंठ्याला एक. यात फक्त नर अडकतात; सापळा लावला म्हणून भेगा उघड्या ठेवू नका.
- बांधावरचे गारवेल उपटा, भुंगा त्यांवरही जगतो.
- रब्बीसाठी बेणं शेंड्याकडचं, वीतभर, चार-पाच पेरांचं. बुडख्याकडच्या जुन्या वेलात अंडी असतात.

काढणी लांबवू नका. बेळगाव-चंदगडकडे काय किंवा सोलापुरात काय, कार्तिकीचा नाहीतर महाशिवरात्रीचा भाव धरायला माल जमिनीत ठेवतात. भुंग्याची एक पिढी महिनाभरात तयार होते, भाव येईपर्यंत भुंगा वाढलेला असतो. एक रताळं मधोमध कापून बघा: चीक पांढरा सुकला तर तयार, काप हिरवट-काळा पडला तर आठवडाभर थांबा.

काढल्यावर किडकी रताळी वेगळी करा. ती बांधावर फेकू नका, जनावरांनाही घालू नका. दोन फूट खोल पुरा. शेतात सुटलेले तुकडे आणि बुडखेही वेचा, नाहीतर पुढच्या लागवडीला भुंगा तिथूनच निघतो.